पहिला दाखला

वाटाण्याच्या गाडीपाशी मेरियलचा लाकडी चमचा तोंडाकडे जाता जाता थांबला. पाठीमागे कुणीतरी म्हणत होतं, "तीच ना गं ती, हात आपसूक परत जातो का ते बघत होती?" आणि दुसरी म्हणाली, "हळू बोल की बाई. इथंच कुठंतरी असायची." मग दोघी हसल्या. फार दुष्टपणे हसल्या असंही नाही. बाजारात बायका हसतात तशा हसल्या, थंडीनं लाल झालेलं नाक पुसत, जड पिशवी या हातातून त्या हातात घेत. मेरियलनं चमचा तोंडात घातला. मऊ शिजवलेले वाटाणे, वर पुदिन्याचा आंबट सॉस. नॉरिचच्या बाजारात लहानपणापासून ती हेच खात आली होती, आणि आज त्याला चव नव्हती, नुसती ऊब होती, दुसऱ्या कुणाच्या तोंडातून काढून दिल्यासारखी. तिचा दुसरा हात बाबागाडीच्या दांड्यावर होता. तो तिथं आहे ना, हे तिला वाकून बघावं लागलं. पांढरी पडलेली बोटं, सैल झालेली अंगठी. फीबी गाडीत झोपली होती, मूठ गालाशी, ओठ झोपेतही काहीतरी चोखत असलेले. वळून बघायचं नाही असं ठरवूनही मेरियल वळलीच. जांभळ्या कोटातल्या मिसेस बेल्स. मॅग्डलेन रस्त्यावर बायकांचे केस कापणाऱ्या. त्यांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा क्षणभर उघडा पडला, मग भराभर मिटला. "अगंबाई, मेरियल! काय गोड झालीय गं पोर. अगदी कॉलिनचं नाक." आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या ताडपत्र्यांखालून मासळीच्या बाजूला निघून गेल्या.

लाज नंतर आली. आधी आलं ते लक्ष, कामावरचं, थंडगार लक्ष. 'तिनं बाळाला सोडलं' असं कुणी म्हणालं असतं तर ते कुणाचंही असतं. नदीकाठच्या खिडक्यांना डोळे असतात. पण 'हात आपसूक परत जातो का' हे शब्द तिचे होते, जसेच्या तसे, तिच्या पोटातून निघालेले. ते तिनं आयुष्यात एकदाच उच्चारले होते, स्वतःच्या स्वयंपाकघरात, एकाच माणसासमोर. शब्द कुठून कुठं गेला हे शोधण्याचाच पगार तिला मिळत होता. लग्नाआधीपासून ती शब्दकोशाच्या कचेरीत होती. कॅथीड्रलच्या मागचं ते उंच, ओल धरलेलं विटांचं घर, भिंतभर लाकडी खण, खणांत चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य: कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं. एखाद्या शब्दाची सगळ्यांत जुनी चिठ्ठी सापडली की तिला 'पहिला दाखला' म्हणायचे, आणि ज्याला ती सापडली त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहाबरोबर बन खायला घालायचे. संपादक मिस्टर प्रायर नव्या मुलींना एकच गोष्ट शिकवत. नाक शिंकरत, रुमालातूनच म्हणत, "पहिला दाखला म्हणजे जन्म नव्हे हं पोरींनो. आपल्याला दिसलेलं पहिलं पाऊल, एवढंच. त्याच्या मागं कोण चालत आलं ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि वाक्य पूर्ण उतरवा. अर्धं वाक्य म्हणजे खोटी साक्ष." मेरियलला हे पाठ होतं. सगळ्यांनाच होतं.

बाळंतपणाच्या रजेवर जाताना मिस्टर प्रायरांनीच तिला एक शब्द घरी नेऊ दिला होता, बुटांच्या दोन खोक्यांत भरून. "गॉसिप," ते म्हणाले होते. "घरात बसलेल्या बाईला बरा शब्द." आणि आपल्याच विनोदाला हसले होते. गॅसच्या शेगडीसमोर, एका पायानं पाळणा हलवत, मेरियलनं त्या चिठ्ठ्या मांडल्या आणि तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी फसवलं आहे, आणि तेही फार पूर्वी. कारण मुळात तो शब्द देवाचा होता. गॉडसिब. देवाच्या साक्षीनं जोडलेला सोयरा. रक्ताचं नातं नाही, पण बाप्तिस्म्याच्या पाण्याशी उभं राहून लेकराची हमी घेतलेलं माणूस. सगळ्यांत जुन्या चिठ्ठीत तर हजारेक वर्षांपूर्वीचा एक धर्मगुरू कळवळून बोलत होता, की लोकांनी आपल्याच देवसोयऱ्यांचा जीव घ्यायला सुरुवात केली आहे. मग तो शब्द जिवलगाचा झाला. मग बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांचा. दार लावलेलं, पडदे ओढलेले, किल्लीच्या भोकातसुद्धा बोळा कोंबलेला, शेगडीवर मसाला घातलेली गरम दारू, आणि कळा देणाऱ्या बाईच्या भोवती तिच्या या सोयऱ्या. पुरुष बाहेर. घराचा धनी असला तरी बाहेर. आणि इथून पुढच्या चिठ्ठ्यांचं अक्षर, सूर, सगळंच बदलत होतं. बायका आत काय एवढ्या बोलतात? आमच्याबद्दलच बोलत असणार. नवऱ्यांची उणीदुणी काढत असणार. पाद्री लिहीत होते, वकील लिहीत होते, नाटकवाले लिहीत होते; सगळे दाराबाहेर उभे राहून. हळूहळू सोयरी गेली आणि चहाडखोर बाई उरली, आणि शेवटी बाईसुद्धा गेली आणि नुसत्या कुचाळक्या उरल्या. आत बसलेल्या एकाही बाईची चिठ्ठी त्या खोक्यांत नव्हती. मेरियलनं दोनदा शोधलं. तिला त्या बाहेर उभ्या राहिलेल्या पुरुषांचा राग आला, एवढा की पाळणा जरा जास्तच जोरात हलला.

तिच्या वेळीही एनिड होती. फीबी वेळेआधीच घाईनं आली, तेव्हा गाडी मिळेना, रस्त्यावर बर्फ. सुईण सायकल ढकलत आली आणि तिच्या मागोमाग एनिड, कोशाच्या कचेरीत मेरियलच्या समोरच्या टेबलाशी बसणारी, चाळिशी ओलांडलेली, हडकुळी, शाईनं बोटं कायम निळी. एनिडला मूल नव्हतं. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं, मग नवराही गेला, लीड्सला, कुठल्या तरी टायपिस्टबरोबर. हे ती कुणाला सांगत नसे, मेरियलला सांगितलं होतं. त्या दिवशी मेरियलनं एनिडचं मनगट असं धरलं होतं की नंतर आठवडाभर तिथं निळे डाग होते, आणि एनिड म्हणाली होती, "शाईचेच आहेत म्हणते मी सगळ्यांना." कॉलिन बाहेर बोळात सिगारेटी ओढत होता. धूर दाराखालून आत येत होता आणि सुईण ओरडली होती, "अहो, बाहेर म्हणजे बाहेर! जिन्याखाली जा!"

आणि त्यानंतरची ती दुपार. वेन्सम नदीच्या उतारावर, जुन्या नावेच्या घाटापाशी, गवत ओलं आणि पाणी शेवाळी. मेरियल कित्येक रात्री झोपली नव्हती. जग तिच्यापासून काचेपलीकडे गेलं होतं. तिचा हात दांड्यावर होता आणि तो हात तिचा आहे हे तिला कळत होतं, पण जाणवत नव्हतं. म्हणून तिनं तो उचलला. एवढंच. उचलून धरला आणि बघत राहिली. गाडी सरकली. जराशीच. आणि मग विचार करायच्या आधी, भीती वाटायच्याही आधी, हात गेला आणि त्यानं दांडा धरला. तिनं नाही, हातानं. ती तिथं गवतात बसून हुंदके देत हसली होती. हे ती कुणाला सांगणार? कॉलिन चांगला होता. नगरपालिकेत रस्त्यांचे नकाशे काढायचा, बाळाची झोप मोडू नये म्हणून जिन्याखालीच बूट काढून हातात घेऊन वर यायचा. पण तिच्या डोळ्यांत बघताना तो नेहमी जरा बाजूला बघे. तेव्हा तिनं एनिडला सांगितलं, स्वयंपाकघरात, किटली ठेवता ठेवता, पाठमोरी राहूनच. "मी हात काढला एनिड. हात आपसूक परत जातो का ते बघत होते." किटली शीळ घालायला लागली होती. ती उतरवून, गॅस बंद करून, कप शोधून झाल्यावर एनिड म्हणाली होती, "मग? गेला का परत?" "गेला." "मग झालं तर," एनिड म्हणाली. "साखर कुठं ठेवतेस गं तू?" मेरियलला वाटलं होतं, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला, साखरेच्या डब्याशेजारी, ठेवून दिला. त्या संध्याकाळी कॉलिन आला तोच सिगारेटी संपल्या म्हणून पुन्हा खाली गेला, आणि बराच वेळ आला नाही. तिनं त्याच्याशिवायच जेवून घेतलं. तिला भूक लागली होती, कितीतरी दिवसांनी.

आणि पुढच्याच रविवारी सासूबाई आल्या. मिसेस थर्टल, ईटनच्या बाजूला राहणाऱ्या, चर्चची फुलं बघणाऱ्या, हातमोजे न काढताच घरभर बोट फिरवणाऱ्या. फीबीला उचलून त्यांनी तिच्या अंगावरून हात फिरवला, बाजारात कोंबडी बघावी तसा, आणि म्हणाल्या, "बाप्तिस्मा झाला की थोडे दिवस हिला माझ्याकडे राहू दे. तुझी तब्येत सुधारेपर्यंत." मेरियल म्हणाली, "माझी तब्येत बरी आहे." तेव्हा त्या कॉलिनकडे बघून हसल्या, ते सोशिक, चर्चमधलं हसू. कॉलिन म्हणाला, "आई म्हणते ते काही खोटं नाही, मेरियल. थोडेच दिवस. तू झोप काढ." तिला तेव्हा कळलं नव्हतं ही हवा कुठून सुटली. त्या आठवड्यात दवाखान्याची नर्सबाई न सांगता आली, बाळाचे कपडे काढून अंग उलटसुलट बघून गेली. खालची भाडेकरीण तिला बघून मुलाला जवळ ओढायला लागली. आता, बाजारात, थंड पडलेल्या वाटाण्यांसमोर उभं राहून तिला सगळं कळलं. ईटनला पाळणा लागला होता. पडदे शिवून झाले होते. आणि ते कुणाच्या जिभेनं शिवले तेही कळलं.

तरी तिनं माग काढला. ती कोशातली बाई होती. नुसत्या संशयावर चिठ्ठी खणात टाकत नसत. मिसेस बेल्सकडे केस कापायला बसली, ओले केस, मानेभोवती टॉवेल, आणि आरशातून बघत सरळ विचारलं. मिसेस बेल्सची कात्री थांबली. "मी कशाला बोलेन बाई? मला पाद्रीणबाईंकडून कळलं. त्यांचे केस धुताना. वाईट मनानं नाही हं." मग पाद्र्याच्या घरी, मिसेस लॉसनसमोर, पातळ चहा आणि त्याहून पातळ बिस्किटं. मिसेस लॉसननं डोळे मिटून घेतले. "मी नाव नाही घेणार. पण मेरियल, तुझ्या अगदी जवळच्या माणसाकडून आलंय ते. तुझ्या काळजीपोटीच." जवळचं माणूस. त्या दिवशी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. एक बोलली आणि एकीनं ऐकलं. याच्या मागं जायला वाटच नव्हती. पहिला दाखला. घरी येताना तिच्या पायांत जोर आला होता. कितीतरी महिन्यांत आला नव्हता इतका. द्वेष हे किती पौष्टिक अन्न आहे याचं तिला नवल वाटलं. काच नाहीशी झाली होती. विटांच्या कडा, चकमकीच्या दगडांच्या चर्चच्या भिंती, बेकरीतला यीस्टचा वास, सगळं धारदार, जवळ. ती झोपायला लागली. दूध वाढलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण एनिडच्या जिभेला आपण हाड बसवू, असं तिनं अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं, आणि हसली, तेव्हा कॉलिन म्हणाला, "बघ, किती बरी दिसतेस हल्ली."

एनिड ठरलेली होती. फीबीच्या दोन धर्ममातांपैकी एक ती, दुसरी कॉलिनची बहीण डॉरीन. आधी शब्द दिला होता तेव्हा एनिडनं तोंडावर निळी बोटं धरली होती आणि नंतर नाक पुसायला बाहेर गेली होती. मेरियलनं तो शब्द मोडला नाही. डूख धरलेलं जनावर जसं अंग हलू देत नाही तशी ती राहिली. एनिड संध्याकाळी येई, लोकरीची शाल विणत बसे, पांढरी, इतकी बारीक की अंगठीतून ओढून काढता यावी. "बघ गं," ती म्हणे, "अंगठीतून जाते. माझी आजी म्हणायची, अंगठीतून गेली नाही तर ती शाल नव्हे, घोंगडी." मेरियल साखर घाली, दोन चमचे, आणि त्या तोंडाकडे बघत राही. बारीक ओठ, एका बाजूचा दात किडलेला. या तोंडातून गेले शब्द. किती सहज गेले असतील. एकदा एनिडनं विचारलं, "आता हात कसा आहे तुझा?" आणि मेरियल म्हणाली, "हात ना? एकदम शहाणा झालाय." "मग झालं तर," एनिड म्हणाली. तेव्हा मेरियलच्या मनात काहीतरी, अगदी क्षणभर, अडलं. चिठ्ठीवर एखादा शब्द कमी आहे असं वाटतं तसं. पण तिनं ते मोजून बघितलं नाही. तिला आता बघायचं नव्हतं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी पलंगाखालून पत्र्याचा डबा काढला. लग्नाच्या केकचा सगळ्यांत वरचा, लहान मजला, पहिल्या लेकरासाठी राखून ठेवलेला, मधून मधून ब्रँडी पाजून जपलेला. आयसिंग पिवळं पडलं होतं, जुन्या दातांसारखं. कॉलिननं झाकण उघडून वास घेतला आणि लाडात येऊन म्हणाला, "लग्नातलं सगळं टिकलंय बघ." तिला त्याची दया आली. बिचारा, याला काहीच ठाऊक नाही.

चर्च गार होतं. दगडी कुंडातलं पाणी गरम करून आणलं होतं, त्यावर पुसट वाफ. मिस्टर लॉसन जुन्या पोथीप्रमाणेच सगळं करत. आईनं मूल धर्ममातेच्या हातात द्यायचं, तिनं पाद्र्याच्या, आणि त्यानं नाव विचारलं की तिनं मोठ्यानं सांगायचं. नाव आई सांगत नाही. एनिड नवी टोपी घालून आली होती, करडी, तिला न शोभणारी. तिनं हातमोजे काढून खिशात ठेवले, लोकर अडकू नये म्हणून, आणि हात पुढं केले. बोटं घासून घासून धुतली होती. शाईचा एकही डाग नव्हता. मागच्या बाकांवर मिसेस बेल्स होत्या, खालची भाडेकरीण होती, मिसेस थर्टल पहिल्या बाकावर, निळ्या रेशमात. मेरियलनं फीबीला छातीशी धरलं. मग शांतपणे, ओरडली नाही, पण दगडाच्या घरात शब्द पडत नाहीत, भिंतीभिंतीनं फिरतात, ती म्हणाली, "तू नको, एनिड. माझ्या मुलीचं नाव तुझ्या तोंडून नको. तुझ्या तोंडात काही राहत नाही."

एनिडचे हात तसेच पुढं राहिले. तिला ते मागं घ्यायचं सुचलंच नाही. "मेरियल?" ती म्हणाली, प्रश्न विचारावा तशी नाही, अंधारात कुणी आहे का बघावं तशी. कुणीतरी खोकलं. मेरियल वळली आणि फीबीला डॉरीनच्या हातात दिलं. डॉरीनचं तोंड उघडंच होतं. एनिडनं खिशातून हातमोजे काढले, एकेक बोट नीट बसवलं, आणि "बरं" म्हणाली. टाचा वाजत गेल्या, फरशीवरून, जुन्या थडग्यांच्या अक्षरांवरून, दारापर्यंत. कडी जड होती, तिला दोनदा ओढावी लागली, आणि कुणी उठून मदत केली नाही. मेरियलला ते सगळं ऐकताना जे वाटलं ते गोड होतं. खोटं कशाला बोला? गरम, दाट, घशाखाली उतरत जाणारं. पान्हा फुटला होता, आतलं कापड भिजलं होतं. मिस्टर लॉसन पोथीकडे वळले. "या बाळाचं नाव सांगा." डॉरीन म्हणाली, "फीबी," आणि पुढचं विसरली.

घरी जिना चढून सगळे वर आले, हॅमची सँडविचं, शेरी, मधोमध तो पिवळा केक. कुणी त्या गोष्टीविषयी बोलत नव्हतं आणि सगळे तीच बोलत होते, हवेबद्दल बोलता बोलता. मिसेस थर्टल फीबीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. मेरियल बशी घेऊन गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच जरा कौतुकानं पाहिलं. "बरं केलंस. मला ती बाई कधीच आवडली नाही. निळी बोटं काय, नवरा सोडून गेलेला काय. पण एवढं केलं तरी काय गं तिनं?"

"तिनंच गावभर केलं सगळं."

"काय सगळं?"

"नदीवरचं. हाताचं."

"इश्श, ती कशाला?" मिसेस थर्टल खरोखरच चकित झाल्या. "ते तर मला कॉलिननं सांगितलं. त्याच संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या फोनवरून. रडत होता गं पोर. जिन्यात उभा होता म्हणे, बूट हातात घेऊन, तुमचं बोलणं कानावर पडलं. माझ्यापासून तो काही लपवत नाही, लहानपणापासून. मी तरी कुणाला बोलले? मिसेस लॉसनना सांगितलं तेवढं, प्रार्थनेत तुझं नाव घ्या म्हणून."

मेरियलच्या हातात बशी होती. सँडविचाच्या कडा कापलेल्या होत्या, पांढरे, स्वच्छ त्रिकोण. तिला मिस्टर प्रायरांचा रुमाल दिसला. वाक्य पूर्ण उतरवा. बाजारात, मिसेस बेल्सच्या आरशात, पाद्र्याच्या चहात, सगळीकडे ते वाक्य 'बघत होती' इथंच संपत होतं. सगळीकडे. आणि एनिडला पुढचं ठाऊक होतं. एनिडनंच तर विचारलं होतं. ज्यानं नेलं त्याच्याजवळ अर्धंच होतं, कारण किटली शीळ घालत होती, आणि मधल्या वेळात तो मोज्यांच्या पायांनी खाली उतरून गेला होता. कोशातली कुठलीही कच्ची पोरगी हे बघू शकली असती. फाटलेली कड. तिनं ती हातात घेऊन घेऊन चाचपली होती आणि तिला दिसली नव्हती.

"कॉलिन," ती म्हणाली. तो केकवर सुरी टेकवून उभा होता, सगळ्यांनी बघावं म्हणून थांबलेला. "तू जिन्यात होतास."

सुरी आयसिंगमध्ये जराशी रुतली. तो बाजूला बघत म्हणाला, "मी घाबरलो होतो, मेरियल. मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायचं."

"कसं विचारणार?" आता त्याचा आवाज चढला. "तू मला कुठं सांगितलं होतंस? तिला सांगितलंस. नेहमी तिलाच. मी आपला बाहेर."

ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला त्याच्या मागं ओळीनं उभे असलेले दिसत होते, पाद्री, वकील, नाटकवाले, किल्लीच्या भोकाशी वाकलेले, दुखावलेले सगळे. तोही दुखावला होता. खरंच दुखावला होता. त्यामुळं तिचा राग विझला नाही. उलट त्याला धार आली, शांत, पुढची कित्येक वर्षं पुरेल अशी. "हात परत गेला होता," ती म्हणाली, मिसेस बेल्सना ऐकू जाईल अशी, भाडेकरणीला, सगळ्यांना. "हात काढला, आणि तो आपला आपण परत गेला. तेवढं ऐकायला तू थांबला नाहीस." मग ती खिडकीशी गेली. "द्या तिला."

"अगं, अशा अवस्थेत तू..."

"द्या."

मिसेस थर्टलनी दिलं. मेरियलनं फीबीला शालीत गुंडाळलं, अंगठीतून जाणाऱ्या, आणि दाराकडे निघाली. कॉलिन मागोमाग आला, हातात अजून सुरी. "मी येतो. मी सांगतो एनिडला. मेरियल, मी येतो ना."

"तू जिन्यात थांब," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

एनिडची खोली कालव्यासारख्या अरुंद गल्लीत, एका चांभाराच्या दुकानावर. वर कातड्याचा आणि सरसाचा वास. मेरियलनं दार वाजवलं. आत चाहूल होती, मग नव्हती. "एनिड, मी आहे. तो जिन्यात होता. त्यानं ऐकलं, अर्धंच. मला आत्ता कळलं." तिनं पुन्हा दार वाजवलं. "मला दिसायला हवं होतं. तुला पुढचं ठाऊक होतं." फीबी कुरकुरायला लागली, भुकेची नाही, थंडीची. बाहेर येताना तिला टोपी घालायची राहिली होती. तेव्हा साखळी काढल्याचा आवाज झाला.

एनिडच्या डोक्यावर अजून ती करडी टोपी होती. चेहरा धुतलेला, कोरडा. तिनं मेरियलकडे पाहिलंच नाही. बाळाच्या डोक्याकडे पाहिलं, आणि मग हात पुढं केले, सकाळी केले होते तसेच. मेरियलनं फीबीला त्या हातांत दिलं. एनिडनं तिला नीट घेतलं, मानेखाली तळवा, शालीचं टोक डोक्यावर ओढलं.

"पोर गारठलीय," ती म्हणाली. "तू बाहेर थांब."

आणि दार लावलं.

मेरियल उभी राहिली. खालून चांभाराच्या हातोडीचा ठोका येत होता, मधेच थांबत होता. आत एनिड बोलत होती. फीबीशीच असणार, दुसरं कोण होतं? सलग, खालच्या आवाजात, बराच वेळ. एक शब्द कळेल म्हणून मेरियल जवळ सरकली, आणि कळलं नाही. काय सांगत असेल? माझ्याबद्दलच सांगत असेल. तिनं कान लाकडाला लावला. सुरावरून काही बरं वाटत नव्हतं. मग एनिड थांबली आणि तेवढ्यात फीबी हसल्यासारखा आवाज झाला, किंवा रडल्यासारखा. दाराबाहेरून ते सांगता येत नाही. तिचे दोन्ही हात रिकामे होते, पुढं धरलेले, अजून वजनाच्या आकारात. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते दाराकडे जातात का ते ती बघत राहिली.